मदत हवी आहे: घरच्या पीसीचा बॅकअप, अख्खी इमेज (पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत) की फक्त फायली?

नमस्कार मंडळी. पीसीत २५६ जीबीची एसएसडी आहे, तिच्यावर विंडोज आणि उबुंटू दोन्ही. शिवाय १ टीबीची जुनी हार्डडिस्क: डी ड्राइव्हवर बाबांचे हिशेब, ई ड्राइव्हवर २००६ पासूनचे फोटो. परवा ती टकटक आवाज करायला लागली आणि पोटात गोळाच आला. घाईघाईने सगळं २ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर उतरवलं. इतकी वर्षं डीची कॉपी ईवर ठेवून मी निर्धास्त होतो. डिस्क एकच, हे डोक्यातच आलं नाही!

आता नवी हार्डडिस्क घेणारच आहे. एसएसडीची महिन्याला एकदा क्लोनझिला या डिस्कची प्रत घेणाऱ्या प्रोग्रामने इमेज घ्यावी म्हणतो, पण ती लहान डिस्कवर सहजी परत चढत नाही ना? फोटोंसाठी रोज आरसिंक (बदललेल्या फायली तेवढ्या कॉपी करणारा प्रोग्राम) चालेल, पण डिलीटचा पर्याय लावला तर चुकून उडवलेला फोटो बॅकअपमधूनही जाणार. मग जुन्या आवृत्त्या कशा ठेवता? बोर्गबॅकअप (जुन्या आवृत्त्याही जपणारा बॅकअप प्रोग्राम) कोणी वापरतं का?

आणि एक्स्टर्नल डिस्क कायम जोडलेली ठेवायची नाही (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरची धास्ती), पण रोज जोडायचा आळसही आहे. बाबांनाही जमेल असं काही सुचवा.