मार्चमधलं नॉरईस्टर : नकाशावर १८ इंच, दारात ६. इंचांचा नकाशा वाचायचा तरी कसा?

एडिसनकर :

नॉरईस्टर म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत येणारं मोठं वादळ. १४ मार्च २०१७ चं घ्या. न्यूयॉर्क शहराला दीड फुटाच्या आसपासचा अंदाज होता, ब्लिझर्ड वॉर्निंग लागलेली. सेंट्रल पार्कात मोजला तो ७.६ इंच. त्याच वादळात बिंगहॅम्टनला ३० इंचांवर बर्फ पडला. म्हणजे वादळ फसलं नव्हतं, आपल्या मध्य न्यू जर्सीच्या पट्ट्यात स्लीट (गोठलेल्या पाण्याचे दाणे) घुसली होती. मार्चमध्ये हे डिसेंबर-जानेवारीपेक्षा जास्त वेळा होतं असं दिसतं.

माझे प्रश्न :
१. वादळ चार-पाच दिवसांवर असताना नेमकं काय बघावं? जीएफएस हे अमेरिकी हवामान मॉडेल एका रनला (फेरीला) २० इंच देतं, पुढच्या रनला ४.
२. बर्फ-पाण्याच्या दहास एक गुणोत्तराचा नकाशा खरा की कुचेरा पद्धतीचा?
३. शेवटच्या १२ तासांत स्लीटची रेषा २८७ महामार्गाच्या अलीकडे येणार की पलीकडेच थांबणार, हे ओळखायचं कसं?
४. शेजारच्या दोन गावांच्या मोजमापात तीन-तीन इंचांचा फरक का असतो?

वायव्यवारा :

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : चार-पाच दिवस आधी इंचांचा नकाशा उघडूच नका. तो शेवटचा पदार्थ आहे. ट्रॅक (वादळाची वाट), हवेच्या थरांचं तापमान, पाण्याचा अंश (बर्फ वितळल्यावरचं पाणी) आणि गुणोत्तर या चारही ठिकाणच्या चुका त्यात एकावर एक चढलेल्या असतात.

त्या टप्प्यावर आन्साम्बल बघा, म्हणजे तेच मॉडेल किंचित वेगळ्या सुरुवातीने अनेकदा चालवलेलं. जीएफएसचे ३१ सदस्य, युरोपियन मॉडेलचे ५१. समुद्रसपाटीवरच्या दाबाचा नकाशा लावला की प्रत्येक सदस्याचा 'लो' (कमी दाबाचं केंद्र) कुठे आहे ते ठिपक्यांसारखं दिसतं. ठिपके एका पुंजक्यात असतील तर भरवसा वाढतो. दोन पुंजके असतील, एक किनाऱ्याला चिकटलेला आणि एक समुद्रात दूर, तर त्यांची सरासरी काढू नका. सरासरीचा ट्रॅक बहुतेक वेळा दोन्हीपैकी कुणाचाच नसतो. ४० उत्तर, ७० पश्चिम हा 'बेंचमार्क' सगळे उगाळतात, पण तो मुळात बॉस्टन आणि दक्षिण न्यू इंग्लंडच्या सोयीचा. मध्य जर्सीसाठी डेलमार्व्हा द्वीपकल्प ते केप मे (न्यू जर्सीचं दक्षिण टोक) या भागात लो किनाऱ्यापासून किती आत-बाहेर जातो ते बघा. किनारा घासत आला की वारा पूर्वेचा होतो आणि वरच्या थरात उबदार हवा शिरते.

दुसरी गोष्ट, क्यूबेकवरचा उच्च दाब. तो जागेवर ठाण मांडून असेल तर थंड कोरडी हवा खाली येत राहते. लो जवळ येत असताना तो पूर्वेकडे सरकला तर थंडीचा नळच बंद होतो. नकाशावर दोन्ही वेळा तो 'एच' सारखाच दिसतो, म्हणून सहा-सहा तासांचे नकाशे पुढेमागे करून बघा. मार्च २०१८ मध्ये एकाच महिन्यात चार नॉरईस्टर आली. फेब्रुवारीत स्ट्रॅटोस्फिअर (वातावरणाचा वरचा थर) अचानक तापला होता, त्यानंतर ग्रीनलंडवर उच्च दाबाचा अडथळा बसला आणि वादळांना पळून जायला वाटच मिळेना.

आणि एका मॉडेलची भक्ती नको. जानेवारी २०१५ मध्ये युरोपियनने ट्रॅक पश्चिमेला धरून ठेवला, जीएफएस पूर्वेला होतं. युरोपियन म्हणजे ब्रह्मवाक्य मानणाऱ्यांना सेंट्रल पार्कात ९.८ इंच मिळाले. अंदाज दोन फुटांचा होता.

वेळेचं एक : मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं, मॉडेलं मात्र यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात. त्यामुळे १२ झेडचं (यूटीसी दुपारी १२ चं) जीएफएस आधी सकाळी साडेदहाच्या सुमारास येऊ लागायचं, ते साडेअकराला, आणि युरोपियन एकऐवजी दोनच्या सुमारास. दरवर्षी त्या आठवड्यात 'आज रन अडकला का?' म्हणून धागे निघतात. अडकलेला नसतो.

भुरभुर :

दुसरा प्रश्न. दहास एक म्हणजे एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ, डोळे मिटून. कुचेरा जमिनीपासून ५०० मिलिबार दाबाच्या उंचीपर्यंतच्या थरातलं सर्वांत जास्त तापमान घेतो. ते उणे २ सेल्सिअस असेल तर गुणोत्तर १२. त्याहून दर अंश उबेला २ कमी, दर अंश थंडीला १ जास्त. म्हणजे उणे ५ ला १५, शून्याला ८, अधिक १ ला ६. मार्चमध्ये आपल्याकडे बहुधा ६ ते १० च्या दरम्यान खेळ असतो, त्यामुळे दोन्हींतला कुचेरा बरा.

पण तोही फक्त एकच आकडा बघतो. उणे १२ ते उणे १८ च्या थरात हवा जोरात वर जात असेल तर चांदण्यांसारखे मोठे स्फटिक बनतात आणि बर्फ फुगतो. हे त्याला कळत नाही. ताशी ४० मैलांच्या वाऱ्यात तेच स्फटिक फुटून चुरा होतात आणि थर घट्ट बसतो, हेही कळत नाही.

खरी फसवणूक वेगळीच. कित्येक साइटींवरचे नकाशे स्लीटलाही बर्फ समजून दहाने गुणतात. हिशोब करून बघा. एकूण पाणी १.५ इंच, नकाशा म्हणतो १५. त्यातलं ०.६ बर्फ म्हणून पडलं, ते झाले ६ इंच. उरलेलं ०.९ स्लीट म्हणून पडलं, तिचं गुणोत्तर २ ते ३, म्हणजे दोन-सव्वादोन इंच. एकूण आठ. वर स्लीट खालच्या बर्फाला ठोकून बसवते ते निराळंच. म्हणून पर्जन्याच्या प्रकाराचा नकाशा तासातासाने लावा आणि स्लीटचे तास वजा करा. 'बर्फाच्या थरातली वाढ' असा तिसरा नकाशा मिळतो, मार्चसाठी मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. कधी कधी जरा जास्तच कंजूष.

सूर्यही धरा. ४० अक्षांशावर मार्चच्या मध्याला दुपारचा सूर्य सुमारे ४७ अंश चढतो, म्हणजे नवरात्राच्या सुमारास असतो तेवढा. २१ डिसेंबरला साडेसव्वीस. ढगांतूनही एवढा प्रकाश येतो की दिवसा अर्धा इंच ताशी वेगाने पडणारा बर्फ डांबरावर टिकत नाही. ताशी इंचाच्या पुढे गेला की सूर्य हरतो. बॉस्टनला १ एप्रिल १९९७ च्या वादळात २५.४ इंच साचले, म्हणजे 'आता उशीर झाला, साचणार नाही' हा नियम नव्हे. पडण्याचा वेग आणि वेळ, दोन्ही बघायचं.

रडारवेडा :

तिसऱ्याचं उत्तर साउंडिंगमध्ये आहे. पिव्होटल वेदर किंवा ट्रॉपिकल टिडबिट्स या साइटींच्या नकाशावर एडिसनवर टिचकी मारली की उंचीनुसार तापमानाचा उभा आलेख येतो, तेच साउंडिंग. ८५० मिलिबारला (आकडा जितका कमी, तितकं उंच) शून्याखाली दिसलं म्हणून खूश होऊ नका. उबदार हवेची जीभ बहुधा ८०० ते ७०० च्या दरम्यान लपते आणि ८५० चा नकाशा तिला बघतच नाही. तिथे कमाल तापमान १ ते ३ अंश असेल तर स्फटिक अर्धवट वितळून खाली पुन्हा गोठतो : स्लीट. तीनच्या वर गेलं तर पूर्ण वितळतो, आणि जमीन शून्याखाली असेल तर फ्रीझिंग रेन. शून्य ते एक ही उंबरठ्यावरची स्थिती. पाऊस-बर्फ जोरात पडत असेल तर वितळण्यात उष्णता खर्च होऊन तो थर पुन्हा थंड होतो, सर थांबली की लगेच स्लीट.

शेवटच्या १२ तासांत एचआरआरआर हे जवळच्या वेळेचं मॉडेल बघा, ते दर तासाला ताजं होतं. त्याचे लागोपाठचे चार-पाच रन बघा. आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची : प्रत्येक रनमध्ये जीभ दहा मैल उत्तरेला सरकत असेल तर ती अजून सरकणार असं धरा.

वादळ सुरू झाल्यावर मॉडेल बंद, रडार चालू. कोरिलेशन कोइफिशंट (पडणारे कण किती एकसारखे आहेत त्याचा आकडा) हे उत्पादन लावा. नुसता बर्फ असेल तर ते ०.९८ च्या वर, एकसारखं. वितळणाऱ्या थरात ते ०.९५ च्या खाली घसरतं आणि पट्टा स्पष्ट दिसतो. तो पट्टा दक्षिणेकडून येताना दोन ठिकाणं कधी ओलांडतो ते टिपा, वेग निघाला. जोडीला एम-पिंग अ‍ॅपवरचे लोकांचे अहवाल.

एडिसनकर :

धन्यवाद सगळ्यांना. एक शंका : फोर्ट डिक्सच्या रडारवर ०.५ अंशाचा टिल्ट (रडारच्या किरणाचा वरचा कोन) लावला की तो पट्टा एडिसनजवळ बराच उशिरा दिसतो. आधीच स्लीट पडतेय असे अहवाल येतात.

रडारवेडा :

कारण किरण जिभेच्या खालून जातोय. फोर्ट डिक्स ते एडिसन सुमारे ४० मैल. तिथे ०.५ अंशाच्या किरणाचा मध्य साधारण २७०० फुटांवर, आणि जीभ त्याच्या बरीच वर. १.३ चा टिल्ट लावा, तो तिथे साडेपाच हजारांच्या जवळ असतो. १.८ सुद्धा बघा. वरच्या टिल्टवर पट्टा आला की समजा दाणे वाजायला लागणार.

आणखी एक, एडिसन मिडलसेक्स काउंटीत, म्हणजे अंदाज राष्ट्रीय हवामान सेवेच्या माउंट हॉली कार्यालयाचा. शेजारची युनियन काउंटी न्यूयॉर्कच्या अप्टन कार्यालयाकडे. सीमेवर दोघांचे आकडे जुळले नाहीत तर दोन्हींचं फोरकास्ट डिस्कशन वाचा. नकाशावर न दिसणारी धाकधूक तिथे शब्दांत लिहिलेली असते.

मोजपट्टी :

चौथ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही, नेहमीप्रमाणे.

फरक बहुतेक वेळा आकाशात नसतो, मोजण्यात असतो. १६ बाय २४ इंचांची प्लायवूडची फळी घ्या, पांढरा रंग द्या, घर आणि झाडांपासून दूर जमिनीवर ठेवा. शेजारी झेंडा किंवा काठी रोवा, नाहीतर फळी सापडत नाही. हसू नका, जानेवारी २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर नेमकं हेच झालं. मोजायचं इंचाच्या दहाव्या भागापर्यंत, मोजून फळी पुसायची. सहा तासांच्या आत पुसायची नाही. दर तासाला पुसलं तर बर्फाला खाली बसायला वेळच मिळत नाही आणि बेरीज फुगते. त्याच वादळात नेवार्क विमानतळाचा २८.१ इंचांचा आकडा याच कारणाने बाद झाला.

उलट चूक : वादळ संपल्यावर दुपारी एकदाच पट्टी खुपसणे. मार्चच्या ओल्या बर्फात तोवर दोन इंच सहज बसलेले असतात. गवतावर मोजलं तर पात्यांमधली पोकळी जास्तीची धरली जाते, गाडीच्या टपावर मोजलं तर वारा काय करेल सांगता येत नाही.

पाण्याचा अंशही कळवा, त्याशिवाय गुणोत्तर तपासता येत नाही. कोकोराझ या पाऊस-बर्फ मोजणाऱ्या स्वयंसेवकांच्या जाळ्याचं चार इंची पर्जन्यमापक असेल तर हिवाळ्यात नरसाळं आणि आतली नळी काढून ठेवा. बर्फ बाहेरच्या नळकांड्यात पडू द्या. आत आणून, आतल्या नळीने मोजलेलं कोमट पाणी त्यात ओता, वितळलं की नरसाळ्यातून नळीत मोजा आणि ओतलेलं वजा करा. वाऱ्यात नळकांडं कमी बर्फ पकडतं. तसं वाटलं तर तेच उलटं करून फळीवरच्या बर्फात दाबा, खाली पत्रा सरकवा आणि तो गाभा वितळवून मोजा.

पाण्याचा आकडा फावड्यासाठीही उपयोगी आहे. एक चौरस फुटावर एक इंच पाणी म्हणजे ५.२ पौंड. ५०० चौरस फुटांचा ड्राइव्हवे आणि १.२ इंच पाणी असेल तर ३१२० पौंड, म्हणजे चौदाशे किलोच्या वर. इंच सहाच असोत की बारा, वजन तेवढंच. म्हणून स्लीटमिश्रित सहा इंच बघून 'थोडाच आहे' म्हणत एका दमात उपसायला जाऊ नका. तीन-तीन इंचांवर बाहेर पडा आणि भट्टीचा बाहेर निघालेला पाइप आधी मोकळा करा. ओला बर्फ तो चिकटून बुजवतो आणि कार्बन मोनॉक्साइड घरात फिरतो.