तळोद्याच्या वरच्या जंगलातील मोठ्या चुली, रुळाचा तुकडा आणि दगडी बांध : हे कशाचे अवशेष असावेत?

प्रश्न : शहादेकर_गुरुजी

नमस्कार मंडळी. मी शहाद्याजवळच्या एका शाळेत शिकवतो आणि हिवाळ्यात सुटीच्या दिवशी तळोदा–धडगाव बाजूच्या सातपुड्यात पायी फिरतो. यंदा ओळखीच्या एका पावरा कुटुंबासोबत, आजवर न पाहिलेल्या एका नाल्याच्या काठाने वर गेलो असता तेथे चार गोष्टी दिसल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे की नाही हे मला ठरवता येत नाही, म्हणून जसे दिसले तसे येथे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे पाण्यापासून सात-आठ पावलांवर ओळीने बांधलेल्या पाच चुली. चुली म्हणतो खरे, पण प्रत्येकीत माणूस बसू शकेल एवढी जागा आहे. आकार घोड्याच्या नालेसारखा, आतली माती भाजून विटेसारखी लाल झालेली आणि दगडांची आतली बाजू काळी पडून तडकलेली. एका चुलीच्या मधोमध कुड्याचे झाड उगवले असून त्याचे खोड माझ्या मनगटाहून जाड आहे, म्हणजे तेथे आग पेटून बरीच वर्षे झाली असावीत. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या गाडवाटेच्या कडेला उभा पुरलेला रुळाचा तुकडा, जमिनीवर साधारण चार फूट. तिसरी म्हणजे काळ्या दगडाचा माणसाच्या उंचीचा बांध, जो सरळ रेषेत टेकडी ओलांडून पलीकडे जातो. चौथी गोष्ट अवशेष म्हणावी की नाही कोण जाणे : तेथील बहुतेक साग एकाच बुंध्यातून तीन-तीन, चार-चार सारख्या जाडीच्या खोडांनी वर आला आहे.

पाड्यावरचे एक आजोबा म्हणाले की येथे पूर्वी साहेबाचे इंजिन होते. त्यावरून मी असा तर्क केला की कधीकाळी येथे खाण किंवा लाकडाची तोड चालत असावी, माल नेण्यासाठी लहान रेल्वे असावी, बांध हा तिचा भराव असावा आणि चुली धातू गाळण्याच्या असाव्यात. परंतु हा सगळा डोलारा एका रुळाच्या तुकड्यावर उभा आहे, हे मलाही जाणवते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. मुलांना चुकीचा इतिहास सांगण्याची माझी इच्छा नाही.

उत्तर १ : काळा_पाषाण

गुरुजी, खाणीचा विचार बाजूला ठेवावा. आपल्या भागातील सातपुडा बहुतांशी दख्खनच्या लाव्हाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टचा आहे. त्यात गाळण्याजोगे लोखंडाचे किंवा तांब्याचे खनिज नाही. जेथे लोखंड गाळले जाई, तेथे काचेसारखी जड, भोके पडलेली मळी, म्हणजे धातू वेगळा झाल्यावर उरलेला टाकाऊ भाग, हमखास विखुरलेली सापडते. ती चुलींजवळ नसेल तर धातूचा प्रश्नच उरत नाही.

आपण ज्याला बांध म्हणता, तो माझ्या मते मानवनिर्मित नाहीच. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत जमिनीच्या भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांना भूशास्त्रात डाईक म्हणतात. सभोवतीचा मऊ खडक झिजून गेला की त्या रचलेल्या भिंतीसारख्या उघड्या पडतात आणि काही तर मैलोगणती जातात. थंड होताना त्यांना आडव्या भेगा पडत असल्याने दगड एकावर एक ठेवल्यासारखे दिसतात. पुढच्या वेळी बांधाची दिशा होकायंत्रावर पाहा. पूर्व–पश्चिमेच्या जवळपास आली तर माझा अंदाज आणखी बळकट होईल. शिवाय रेल्वेचा भराव चढ टाळत वळणे घेत जातो, तो टेकडीच्या माथ्यावरून सरळ चढत नाही.

उत्तर २ : भुसावळ_लाइन

रुळाविषयी मी लिहितो, कारण माझी सगळी नोकरी रुळांवर गेली. जंगलात रूळ सापडला म्हणजे जंगलात रेल्वे होती असे होत नाही. मुख्य मार्गावरून काढलेले रूळ भंगारात निघत आणि खानदेशात ते कोठे नाहीत ते सांगा : जुन्या वाड्यांच्या छतात, विहिरींच्या रहाटाखाली, तारेच्या खांबांना, फाटकांना, ओढ्यांवरच्या लहान पुलांना. चार-पाच फुटांचा तुकडा बैलगाडीत घालून कोणीही वर नेऊ शकतो.

मात्र तो तुकडा स्वतःविषयी बरेच सांगेल. त्याचा आडवा छेद पाहा. वर आणि खाली सारखेच गोल डोके असेल तर तो दुहेरी डोक्याचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीचा रूळ होय. तो थेट स्लीपरवर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या तुळईवर, न बसवता बिडाच्या खुर्चीत, म्हणजे स्लीपरवर ठोकलेल्या खाचेच्या बैठकीत, अडकवला जाई. तळ सपाट आणि रुंद असेल तर पुढच्या काळातला. मग रुळाचा मधला पडदा, म्हणजे डोके आणि तळ यांमधील पातळ भाग, कोरड्या ब्रशने झाडून त्यावर खडू आडवा घासा. कारखान्याचे नाव, साल आणि यार्डाला पौंडांत वजन, अशी अक्षरे तेथे उठावात असतात आणि गंजल्यावरही खडूने उमटतात. खाणी किंवा धरणाच्या कामावर हातट्रॉलीसाठी टाकलेल्या लाइनचा रूळ अगदी हलका, यार्डाला वीस पौंड किंवा त्याहूनही कमी असे, म्हणजे मीटरला दहा किलोच्या आतबाहेर. तो एका माणसाने सहज उचलावा असाच असतो. मोठ्या मार्गाचा रूळ त्याच्या तिप्पट-चौपट जड असतो. आपला तुकडा कोणत्या जातीचा आहे हे त्याच्या जाडीवरूनच कळेल.

खरी जंगलातली रेल्वे पाहायची असेल तर ती आपल्या शेजारी आहे : बिलिमोरा–वघई. बडोद्याच्या गायकवाड सरकारने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू केलेला हा सुमारे ६३ किलोमीटरचा, ७६२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग मुख्यतः डांगच्या सागासाठी होता. त्याआधी, १८४० च्या दशकातच, इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून तेथील जंगल भाडेपट्ट्याने घेतले होते आणि पुढे बराच काळ डांगचा कारभार खानदेशच्या कलेक्टरकडे होता, त्यामुळे ही रेल्वे आपल्याही इतिहासाचा भाग मानायला हरकत नाही. आपल्या सातपुड्यात मात्र लाकूड बैलाच्या खांद्यावरच उतरले.

रेल्वेने जंगलाला ज्या तऱ्हेने हात लावला ती वेगळी, आणि ती मला नोकरीत असतानाही अस्वस्थ करीत असे. १८६० च्या दशकात जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची लाइन भुसावळला आली आणि तेथून एक फाटा खंडव्याकडे, एक नागपूरकडे गेला. तीन फुटांवर एक लाकडी स्लीपर धरला तर मैलाला १,७६० स्लीपर होतात. मोठ्या मार्गाचा स्लीपर नऊ फूट लांब, दहा इंच रुंद, पाच इंच जाड. ऊन, पाऊस आणि वाळवी यांत ते दहा-पंधरा वर्षांत निकामी होत आणि पुन्हा तेवढेच लागत. काही ठिकाणी बिडाचे स्लीपरही वापरले गेले, तरी सागाची मागणी हटली नाही. १८६४ मध्ये सरकारी वनखाते निघाले आणि १८६५ व १८७८ मध्ये वनकायदे झाले, त्यामागे ही चिंता फार मोठी होती.

उत्तर ३ : निवृत्त_वनपाल

भुसावळच्या भाऊंनी रुळाचे उत्तम सांगितले. मी त्यात एवढीच भर घालतो की गाडवाटेच्या कडेला उभा पुरलेला तुकडा हा बहुधा जंगल नाक्याचा खांब असावा. अशा दोन खांबांमध्ये साखळी किंवा आडवा बांबू टाकून गाड्या थांबवीत आणि लाकडावरचा हातोड्याचा ठसा व पास पाहून सोडीत. वाटेच्या दुसऱ्या कडेला जोडीचा खांब किंवा खड्डा सापडतो का, पाहा.

आता सागाकडे येतो, कारण आपण ज्याला अवशेष म्हणावे की नाही अशी शंका घेतली, तोच माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा अवशेष आहे. तो साग बियांपासून आलेला नाही. तोडलेल्या खुंटाला फुटलेल्या धुमाऱ्यांचा आहे. जंगलाचे नकाशावर तुकडे पाडीत, त्या प्रत्येक तुकड्याला कूप म्हणतात. दरवर्षी एक कूप तोडायचा आणि सगळे कूप संपून पुन्हा पहिल्यावर यायला तीस-चाळीस वर्षे लागावीत, अशी ती फेरी असे. खुंट जमिनीलगत, गुळगुळीत आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवायचा, म्हणजे पाणी साचून कुजत नाही व धुमारे जोमाने येतात. एकाच बुंध्यावर सारख्या जाडीची तीन-चार खोडे दिसली की तेथे एकाच वेळी कूपतोड झाली असे समजावे. अधूनमधून एखादे जाड, एकखोडी झाड दिसेल; ते बियांसाठी मुद्दाम राखलेले असते. गुरुजी, मुलांना घेऊन जाल तेव्हा हे अवश्य दाखवा. लाकडाच्या वखारी ओस पडल्या, गाडवाटा पुसल्या गेल्या, पण तोडीचा हिशेब झाडांनी अंगावर जपून ठेवला आहे.

आसपास दगड रचून चुना फासलेल्या बुरज्या असतील, त्यांवर कधी आकडे असतात. त्या हद्दीच्या होत. कंत्राटदारांच्या काळात तोडणाऱ्या भिल्ल-पावरा माणसांना किती कमी मिळे, ते आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. १९४७ पासून मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या आणि कूप त्यांना मिळू लागले, तेव्हा काही अंशी फरक पडला. वनगावेही मुळात या कामांसाठी माणसे हाताशी असावीत म्हणूनच वसवली गेली. तेव्हा त्या पाड्यावरच्या लोकांचे आजे-पणजे त्या कुपांत राबले असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांना विचारल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही.

एक विनंती. ते राखीव वन असेल तर १९२७ च्या वन कायद्यानुसार तेथून परवानगीशिवाय काही उचलणे किंवा उकरणे गुन्हा आहे. मोजा, चित्रे काढा, छायाचित्रे घ्या, पण रूळ तेथेच राहू द्या.

उत्तर ४ : नंदुरबारकर_ताई

चुलींविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. गुरुजी, त्या रोशा तेलाच्या भट्ट्या असाव्यात, असे मला वर्णन वाचताच वाटले. आमच्या घरी या धंद्याच्या आठवणी आहेत.

रोशा, ज्याला कोणी तिखाडी म्हणतात, हे सातपुड्याच्या उघड्या उतारांवर वाढणारे सुवासिक गवत. त्याच्या दोन जाती कारागीर ओळखीत : कोरड्या, उन्हाच्या उतारावरचा मोतिया आणि ओलसर, सावलीच्या जागेतला सोफिया. मोतियाचे तेल उंची, त्याला गुलाबाच्या अंगाचा वास येतो. पावसाळा संपत आला आणि गवत फुलोऱ्यावर आले की कापणी सुरू होई. गवत डोक्यावर वाहून लांब नेणे परवडत नसल्याने भट्टीच गवताजवळ नेली जाई, आणि म्हणून ती जंगलात, नाल्याच्या काठी असे.

मोठ्या देगेत गवत दाबून भरायचे, पाणी घालायचे, झाकण ठेवून कडा चिकणमातीने लिंपायच्या. झाकणातून सुतळी गुंडाळलेला बांबू निघून दुसऱ्या भांड्यात, म्हणजे भपक्यात उतरे आणि भपका वाहत्या थंड पाण्यात बुडवलेला असे. वाफ त्यात शिरून थंड होई, वर तेल तरंगे, ते काढून घेत. थंड पाण्यावाचून हे काम होत नाही, म्हणूनच आपल्या चुली पाण्यापासून सात-आठ पावलांवर आहेत. कोळशाच्या भट्टीला पाण्याचे एवढे सान्निध्य लागत नाही. तिची खूण म्हणजे सपाट केलेले गोल अंगण आणि कोळशाच्या चुऱ्याने काळी झालेली माती. चुन्याची भट्टी असती तर पांढरा चुरा दिसला असता.

हे खानदेशचे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांमार्गे तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळले जाई. युरोपच्या बाजारात त्याला तुर्की जिरेनियम तेल असे नाव पडले होते. सातपुड्यातल्या नाल्यावर काढलेले तेल दुसऱ्याच देशाच्या नावाने विकले जावे, आणि ज्यांनी गवत कापले त्यांचे नाव कोठेच न उरावे, याचे मला आजही वाईट वाटते. पुढे गवताची शेतात लागवड होऊ लागली, वासाची द्रव्ये कारखान्यात बनू लागली आणि रानातल्या भट्ट्या विझल्या.

खात्री करायची असेल तर दोन गोष्टी पाहा. भट्टीपासून नाल्याच्या काठापर्यंत भपके ठेवण्याजोगी सपाट किंवा खोलगट जागा केलेली आहे का? आणि वरच्या उतारावर रोशा अजून उगवतो का?

शहादेकर_गुरुजी

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल पुन्हा जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

बांधाची दिशा होकायंत्रावर पूर्वेकडून थोडी उत्तरेला भरली. त्याचे दगड हाताने चाचपले. कोठेही चुना वा मातीचा सांधा नाही. तो बांध नाही, हे मान्य. चुलींभोवती बारकाईने शोधूनही मळीचा खडा सापडला नाही.

रूळ जाड आहे, ट्रॉलीचा नव्हे. वरचे डोके गोल आहे, पण दुसरी बाजू गंजून इतकी फुगली आहे की छेदाविषयी मी ठामपणे सांगणार नाही. खडू घासल्यावर पडद्यावर फक्त '१८' हे दोन आकडे उमटले; पुढचे आकडे कापताना गेले असावेत. वरच्या टोकाजवळ भोक आहे आणि त्याची एकच कड, वाटेच्या बाजूची, घासून चांगली करंगळीएवढी खोल खाच पडली आहे. वनपाल साहेब, साखळीच वर्षानुवर्षे तेथे लोंबत असल्याशिवाय अशी खाच पडणार नाही. वाटेपलीकडे जोडीचा खांब नाही, पण दगडांनी ठासलेला खड्डा आहे.

आजोबांना भेटलो. इंजिन म्हणजे काय, असे विचारल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी मोठ्या हंड्याचा आकार दाखवला आणि झाकणातून निघणारी नळी हवेत ओढून दाखवली. त्यांनी स्वतः ते पाहिलेले नाही, वडिलांकडून ऐकले आहे. वडील गवत कापून आणीत आणि भाऱ्यावर पैसे मिळत, एवढे त्यांना ठाऊक आहे. ताई, पाचपैकी तीन चुलींसमोर पाण्याच्या कडेला दगड लावून केलेले हौदासारखे खोलगट भाग आहेत. आधी ते मला पुराने झालेले वाटले होते.

पाचव्या चुलीच्या मागच्या उतारावर रोशाचे चार-पाच वाळलेले ठोंब उभे होते. आजोबांच्या नातवाने एक काडी मोडून माझ्या तळहातावर चुरगळली. घरी येऊन हात धुतले, जेवलो, तरी रात्री वही तपासताना बोटांना तो वास येत होता.