मशीन सगळं हिरवं दाखवतं, तरी पिकअपचं स्टेअरिंग वाकडं आणि टायर खातोय

सावदा_पिकअप:
नमस्कार मंडळी. माझी पिकअप सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यात केळी वाहते. दिवाळीत पुढचे दोन्ही टायर नवे टाकले. त्यानंतर एका बागेतून भरलेली गाडी काढताना मागचं डावं चाक चारीत उतरलं. मजुरांनी ढकलून काढलं, गाडी चालली, म्हणून मीही विसरलो.

दोन दिवसांत लक्षात आलं की सरळ रस्त्यावर स्टेअरिंग थोडं डावीकडे धरावं लागतं. हायवेवर एका ठिकाणी मशीनवर अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) केलं. कागदावर सगळे आकडे हिरवे, पण गाडी रस्त्याला लागली की स्टेअरिंग पुन्हा वाकडं. मग गावातल्या गॅरेजवाल्याने ड्रायव्हर साइडचा टाय रॉड (स्टेअरिंगची हालचाल चाकाला पोचवणारी दांडी) फिरवून ते सरळ करून दिलं. मला बरं वाटलं. आता तीन हजार किलोमीटरमध्ये दोन्ही टायरची बाहेरची कड गेली. मध्ये नक्षी बोटभर खोल आणि कडेला हात फिरवला तर काचेसारखं गुळगुळीत. हप्ता चालू आहे, हंगाम तोंडावर आहे. पुन्हा तिथेच पैसे घालू का? टो, कॅम्बर, कास्टर हे शब्द ऐकले, पण कशाने काय होतं ते कुणी नीट सांगत नाही.

चोपडा_टेम्पो:
दादा, हवा बघितली का? हवा कमी असली तरी कडा जातात. आणि साठ-सत्तरला स्टेअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग करून घ्या.

सावदा_पिकअप:
हवा दर आठवड्याला बघतो. थरथर अजिबात नाही. आणि हवा कमी असती तर आतली कडही गेली असती ना? ती चांगली आहे.

जुना_वर्कशॉपवाला_धुळे:
भाऊ, बरोबर पकडलंत. हवा कमी असली तर दोन्ही कडा जातात. मी एकतीस वर्षं गाड्यांखाली झोपून काम केलंय. तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे, फक्त सुरुवात मागच्या चाकापासून करा.

भरलेल्या गाडीचं मागचं चाक चारीत आदळलं की कमानपाट्यांचा सेंटर बोल्ट तुटू शकतो. पाटे आणि एक्सल (मागची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) एका जागी धरणारा तोच. तो तुटला आणि पाटे एक्सलला आवळणारे यू बोल्ट सैल असले की एक्सल पाट्यावर सरकतो. डावी बाजू मागे गेली की मागची दोन्ही चाकं किंचित डावीकडे बघतात. मग गाडी सरळ न्यायला पुढची चाकंही तेवढीच डावीकडे वळवावी लागतात. चाक अर्धा अंश वळवायला स्टेअरिंग आठ-दहा अंश फिरतं, म्हणून ते डोळ्याला दिसतं. मशीनवाल्याने फक्त पुढच्या चाकांना सेन्सर लावले असतील, तर मागचा एक्सल कुठे बघतोय हे मशीनला कळणार कसं? कागद खोटा नव्हता, अर्धा होता.

आता गॅरेजवाल्याचं. स्टेअरिंग सरळ करायचं तर दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवायचे, एक लांब तर दुसरा तेवढाच आखूड. एकच फिरवला की टो बिघडतो. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकांची पुढची तोंडं एकमेकांकडे झुकली आहेत की लांब गेली आहेत. तोंडं जास्त आत आली की बाहेरची कड घासते, बाहेर गेली की आतली. टायरवर तळहात आतून बाहेर फिरवा. करवतीसारखं टोचलं आणि उलट फिरवताना मऊ लागलं, तर टो आत आहे.

घरीच मोजा. सपाट जागेवर दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध मागच्या बाजूला, हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर खडूने खूण करा, अंतर टेपने मोजा. गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, त्याच खुणा पुढे आल्या की पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे टो. पाऊण मीटर व्यासाच्या टायरला १२ मिमी फरक असेल, तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे ८ मीटर आडवं फरफटतं. रबर किती दिवस टिकणार?

कॅम्बर म्हणजे पुढून बघताना चाकाचा वरचा भाग आत की बाहेर कललाय. त्यानेही एक कड जाते, पण हाताला करवत लागत नाही. कास्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं, त्याचा बाजूने बघताना दिसणारा पुढे-मागे कल; तो वळणानंतर स्टेअरिंग परत आणतो. टायरवर त्याचा फारसा दोष येत नाही. तुमच्या गाडीत या दोन्हींचा संशय मला नाही.

आधी पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या (पाटा चेसिसला जोडणाऱ्या गोल टोकाच्या) पिनेपासून एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा.

सावदा_पिकअप:
आप्पा, काल सकाळी मोजलं. डावीकडे १३ मिमी जास्त! टॉर्च मारला तर पाट्याच्या गंजावर एक चकचकीत पट्टी, जिथे एक्सलची बैठक घासत गेली होती. पाटे उतरवले तर सेंटर बोल्टचे दोन तुकडे. आणि पुढचा टो बरोबर १२ मिमी आत. चार महिने मी त्याच गाडीवर माल भरत होतो, हे आठवलं की अंगावर काटा येतो.

नवा सेंटर बोल्ट, चारही यू बोल्ट नवे. आज चारही चाकांना सेन्सर लावून अलाइनमेंट केलं. सावद्याहून भुसावळपर्यंत स्टेअरिंग सरळ. एकच विचारायचं राहिलं, हे घासलेले टायर फेकू का?

जुना_वर्कशॉपवाला_धुळे:
टायरच्या आतली तार दिसत नसेल, कडेवर चिर नसेल आणि कडेलाही थोडी नक्षी शिल्लक असेल तरच ठेवा, नाहीतर फेका. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा बाहेरची बाजू लिहिलेली नसेल, तर रिमवर उलटा चढवून मागे टाका. चांगली कड बाहेर येईल. आणि भरलेल्या गाडीच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की यू बोल्ट पुन्हा आवळा. नवे बोल्ट बसतात आणि सैल होतात, ते विसरू नका.