शब्दचर्चा: सिनेगॉगमधल्या ‘प्रौढ शिक्षणा’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

मुंबई-ठाण्याच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजावरचा एक लेख स्मरणिकेसाठी मराठीत आणते आहे. दोन ठिकाणी अडले. सिनेगॉगला, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाला, ‘प्रार्थनालय’ लिहू, ‘सभास्थान’ लिहू, की समाजातली वडीलधारी माणसे म्हणतात तसे ‘मशीद’ ठेवू? दुसरे म्हणजे, प्रार्थनेनंतर मोठी माणसे एकत्र बसून तोरा (यहुदी धर्मग्रंथाची पहिली पाच पुस्तके) शिकतात, त्याला मी ‘प्रौढ शिक्षण वर्ग’ लिहिले होते. संपादकांनी त्याखाली रेघ ओढून परत पाठवले. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर

संपादकांची रेघ योग्य जागी आहे. ‘प्रौढ शिक्षण’ म्हटले की आपल्याला रात्रीचा वर्ग, पाटी-पेन्सिल आणि अंगठ्याच्या जागी आलेली सही आठवते. लहानपणी राहून गेलेले मोठेपणी भरून काढणे, हा त्या शब्दाचा अर्थ आता पक्का झाला आहे. तोरा शिकणाऱ्याचे काहीच राहून गेलेले नसते. हजार वेळा वाचलेला उतारा तो पुन्हा वाचायला बसतो.

शिवाय यहुदी परंपरेत शिकणे प्रार्थनेपासून वेगळे काढताच येत नाही. सकाळच्या प्रार्थनेच्या सुरुवातीलाच ‘तोराच्या वचनांत गुंतून राहा’ ही आज्ञा दिल्याबद्दल देवाचे आभार मानतात. पाठोपाठ मिश्ना आणि तालमूद या यहुदी धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांवर आधारलेला एक उतारा म्हणतात. आईवडिलांचा मान, पाहुण्याचे स्वागत, आजाऱ्याची विचारपूस अशी सत्कृत्ये त्यात सांगून शेवटी म्हटले आहे की तोराचे अध्ययन या सगळ्यांच्या तोलाचे आहे. म्हणजे भक्त प्रार्थना करता करताच थोडे शिकून घेतो. एकत्र अभ्यास झाला आणि दहा जणांचे मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारी किमान संख्या, हजर असले, तर एक खास कद्दीश (देवाच्या गौरवाची प्रार्थना) म्हणतात. त्यात गुरूंसाठी, त्यांच्या शिष्यांसाठी आणि शिष्यांच्या शिष्यांसाठी शांती मागितली आहे. मला हे फार मोलाचे वाटते. शिकवणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांसाठीही प्रार्थना करणारा समाज त्या शिकण्याला ‘वर्ग’ एवढेच कसे म्हणेल?

माझी सूचना: ‘तोराचा अभ्यास’. ‘प्रार्थनेनंतर मंडळी अभ्यासाला बसतात’ असे साधे वाक्य लिहा. अभ्यास म्हणजे मुळात पुन्हा पुन्हा करणे, आणि ‘मिश्ना’ हा हिब्रू शब्दही ‘पुन्हा करणे’ याच धातूवरून आला आहे. इतका जुळणारा शब्द हाताशी असताना नवा घडवू नये.

आणखी एक मत

‘स्वाध्याय’ कसा वाटतो? अध्ययन हेच व्रत, हा भाव त्यात आहे.

त्यावर

भाव आहे, पण चित्र चुकते. स्वाध्यायात माणूस बहुधा एकटा असतो. यहुदी अभ्यासाची जुनी रीत जोडीची आहे. तिला ‘हव्रुता’ म्हणतात. ‘हावेर’ म्हणजे सोबती, त्यावरून हा शब्द. एकजण वाचतो, दुसरा अडवतो, शंका काढतो, वाद घालतो. लेखात ही रीत आली तर ‘जोडीने अभ्यास’ म्हणा आणि ‘हव्रुता’ एकदा कंसात द्या. ‘पारायण’ही टाळा. तोराचे ५४ भाग असतात, त्यांना ‘पराशा’ म्हणतात, आणि ते आठवड्यांवर वाटून वर्षभर वाचले जातात. पारायणाची समाप्ती होते, इथे ती होत नाही. सिमहात तोरा या सणाच्या दिवशी तोराच्या शेवटच्या, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा शेवट वाचला की त्याच बैठकीत पहिल्या, ‘उत्पत्ती’ या पुस्तकाची सुरुवात वाचतात.

‘मशीद’ या शब्दाबद्दल

हा शब्द काढू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुंबईत मांडवीला सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल इझिकेल यांनी बांधलेले शाआर हराहामीम हे मुंबईचे पहिले सिनेगॉग. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले आणि तिथून जिवंत परतले. त्याच कृतज्ञतेतून ही वास्तू उभी राहिली. समाजात तिचे नाव ‘जुनी मशीद’. जवळच्या मस्जिद स्टेशनचे नाव या वास्तूवरून पडले, असे बरेच जण सांगतात. पुण्यात तर चक्क ‘देऊळ’ म्हणतात. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेले ओहेल डेव्हिड, लाल विटांचे आणि उंच मनोऱ्याचे, सगळ्या शहराला ‘लाल देऊळ’ म्हणूनच ठाऊक आहे. कोकणातून आलेल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी देवाच्या घराला आपल्या भाषेतले नाव दिले. ‘सभास्थान’ हा मराठी बायबलचा शब्द अर्थाने चोख आहे, कारण ‘बेथ हक्नेसेत’ म्हणजे जमण्याचे घर. पण समाजाच्या बोलण्यात तो नाही.

शंका

आजचा वाचक ‘मशीद’ वाचून गोंधळणार नाही का?

उत्तर

पहिल्यांदा ‘सिनेगॉग, म्हणजे समाजाच्या बोलीत मशीद’ असे लिहा. पुढे वाचक आपोआप सांभाळून घेतो.

एक पुरवणी, विषयाला धरून

मोठ्या माणसांच्या शिकण्याची गोष्ट निघालीच आहे तर कीर्तन राहू नये. एकोणिसाव्या शतकात कोचीहून आलेल्या शिक्षकांनी बेने इस्राएलांना हिब्रू प्रार्थना आणि रीती शिकवल्या. मिशनरी जॉन विल्सन यांचे मराठीतून हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये निघाले. त्यामागे मिशनचा हेतू होता, पण समाजाने त्यातून विद्या घेतली आणि धर्म आपला ठेवला. पुण्यात १८७४ साली हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी छापलेली हगादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) निघाली. तरीही ज्यांना हिब्रू येत नव्हते, त्यांचे काय? १८८० मध्ये समाजातल्या काही मंडळींनी हिंदू कीर्तनाची रीत उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, आर्या या वृत्तांत बसवली. पुस्तक हातात न घेता आजी-आजोबांनी तानाखमधल्या, म्हणजे यहुदी धर्मग्रंथातल्या, कथा ऐकल्या. लेखात जागा असेल तर ‘प्रौढ शिक्षणा’च्या परिच्छेदात हे जरूर घ्या. मराठीत तोरा शिकण्याची सगळ्यात सुंदर रीत हीच, असे मी ठामपणे म्हणेन.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. ‘तोराचा अभ्यास’ घेतला, ‘मशीद’ ठेवली. शेवटची शंका. प्रार्थना चालवणाऱ्याला मी ‘रब्बी’ लिहिले आहे. चालेल?

उत्तर

बदला. बेने इस्राएल मशिदीत प्रार्थना चालवतो तो हझान. पूर्वी गावोगावचे धर्मविधी काजी बघत, आणि तोही समाजाचाच माणूस असे. रब्बी म्हणजे धर्मशास्त्राचा अधिकारी पंडित. त्याच्याशिवाय प्रार्थना अडत नाही. मिन्यान पुरे झाले नाही तर मात्र कद्दीश म्हणता येत नाही आणि सेफर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) वाचनाला बाहेर काढत नाहीत. कोकणातली बरीच कुटुंबे इस्राएलला गेली आणि आता कित्येक गावांत दहा जण जमवणे हीच अडचण आहे. तुमच्या लेखात हे वाक्य यायला हवे.