सीव्हीत 'डॉक्टरेट डिग्री' लिहायचं का?

कऱ्हाडचा_जावई: बायकोचा केमिस्ट्रीच्या पीएचडीचा व्हायवा (प्रबंधावरची तोंडी परीक्षा) गेल्या आठवड्यात झाला, आता ती जर्मनीत पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या कामाला) अप्लाय करतेय आणि सीव्ही टायपायचं काम माझ्या गळ्यात. मी लिहिलं 'डॉक्टरेट डिग्री ऑफ केमिस्ट्री', ती म्हणते 'डॉक्टर इन फिलॉसॉफी'. सकाळपासून दोनदा चहा गार झाला पण निकाल नाही. शिवाय नावाआधी डॉ. आणि मागे पीएचडी, दोन्ही टाकू का? वजन पडतं जरा.

प्रूफवाली_मावशी: दोघंही चुकलात 😄 डॉक्टरेट म्हणजेच पदवी, तिला परत डिग्री जोडली की पिवळा पीतांबर झाला. डिग्री हवीच असेल तर 'डॉक्टरल डिग्री'. पदवीचं पूर्ण नाव 'डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी', म्हणजे 'ऑफ' तिथेच खर्ची पडला, विषयाला 'इन' लावायचा: 'पीएचडी इन केमिस्ट्री'. डॉ. आणि पीएचडी एकावेळी एकच, सीव्हीत मागचं ठेवा. आणि आपण सगळे 'शी इज डुइंग पीएचडी' म्हणतो ना, तिथे 'अ पीएचडी' पाहिजे. एमफिलला मात्र 'ॲन', कारण उच्चार 'ए'ने सुरू होतो, अक्षर काय आहे ते बघायचं नाही.

टिंबटिंब: टिंबांचं काय? आमच्या गाइडनी पीएचडीतली टिंबं राहिली म्हणून अख्खं पान परत प्रिंट करायला लावलेलं.

प्रूफवाली_मावशी: शिकागो मॅन्युअल (इंग्रजी लेखनाच्या नियमांचं पुस्तक) टिंबं नको म्हणतं, ब्रिटिशही देत नाहीत, अमेरिकन पेपरांत दिसतात. काहीही करा, पण सगळीकडे एकच. ऑक्सफर्डवाले तर पीएचडीला डीफिल म्हणतात, ती वेगळी पदवी नाही.

निळी_शाई: डीएस्सी (डॉक्टर ऑफ सायन्स) मात्र वेगळी. बाबासाहेबांची 1923ची लंडनची डीएस्सी आणि 1927ची कोलंबियाची पीएचडी, दोन्ही प्रबंध लिहून मिळवलेल्या. कोलंबियाची एलएलडी (कायद्यातली डॉक्टरेट, 1952) आणि उस्मानियाची डीलिट (साहित्यातली, 1953) मानद. सीव्हीत मानद पदव्या शिक्षणाखाली टाकत नाहीत, सन्मानांत टाकतात. बाकी विद्यापीठाचं पदवी दिल्याचं नोटिफिकेशन आलं का वहिनींचं? नसेल तर नुसतं 'थिसिस डिफेंडेड' आणि महिना लिहा.

कऱ्हाडचा_जावई: नाही आलं अजून, 'डिफेंडेड' केलं. डॉ. पण काढलं. फक्त सासऱ्यांना कोणी सांगायचं, त्यांनी दारावरची पाटी करायला टाकलीय.