मदत हवी आहे: सोलापुरात स्कूबाची टाकी कुठे भरून मिळेल? (तातडीचं)

होटगीरोड | ९ जानेवारी, रात्री ९:१०
स्कूबाची (पाण्याखाली श्वास घ्यायची) हवेची टाकी भरून पाहिजे. ॲल्युमिनियमची, ११ लिटर, २०७ बार दाबाची. तीन दिवस झाले फिरायलोय. चिंचोळी एमआयडीसी झाली, अक्कलकोट रोड झाला, आग विझवायचे सिलिंडर भरणारे झाले. सगळे टाकी हातात घेऊन बघतात आणि "हे आमच्याकडं नाही" म्हणतात. त्यात गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) तोंडावर आलाय, चार दिवसांनी कोणी फोनही उचलणार नाही. २२ तारखेच्या आत काम व्हायला पाहिजे. माझ्याकडं सर्टिफिकेट आहे, त्यामुळे स्कूबा धोक्याचं आहे वगैरे नको. पत्ता किंवा नंबर असेल तर तेवढा द्या.

खोलपाणी | रात्री ९:३४
पत्त्याआधी चार गोष्टी लागतील. टाकी कुठे वापरणार? सर्टिफिकेट कोणतं आणि शेवटचं डाइव्ह कधी? टाकीच्या खांद्यावर कोरलेले शिक्के काय आहेत, अक्षर न अक्षर वाचून टाका. व्हॉल्व्ह योकचा आहे की डिनचा (रेग्युलेटर जोडायचे दोन प्रकार)? यातलं काही न सांगता कोणी टाकी भरून देत असेल तर त्याच्याकडून घेऊच नका.

भीमातीर | रात्री ९:५०
मालक, मेडिकल ऑक्सिजनवाल्याकडं जावा की. त्यांच्याकडं १५० बारचे जम्बो सिलिंडर असतात, एक नळी लावून तुमच्या टाकीत उतरवून देतील. हवेपेक्षा ऑक्सिजन चांगलाच की.

खोलपाणी | रात्री १०:०२
भीमातीर, हा सल्ला कृपया मागे घ्या. ऑक्सिजनचा आंशिक दाब (श्वासातल्या त्या एका वायूचा दाब) १.६ बार झाला की कमाल मर्यादा संपते, म्हणजे शुद्ध ऑक्सिजनवर फक्त ६ मीटर खोली. त्याखाली फिटचा झटका येऊ शकतो, बहुतेक वेळा कसलीही पूर्वसूचना न देता. फिटमध्ये तोंडातला रेग्युलेटर (टाकीची हवा तोंडात देणारं यंत्र) सुटतो आणि माणूस बुडतो. शिवाय हवेसाठी वापरलेल्या टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये तेलाचा अंश असतो. जास्त दाबाचा ऑक्सिजन झटक्यात सोडला की वायू दबून तापतो, आणि तेवढ्या उष्णतेनं ते तेल, ओ-रिंग (रबरी कडी), सीट (झडप बसते ती गादी) पेट घेतात. ऑक्सिजनसाठी टाकी आणि व्हॉल्व्ह वेगळे साफ करावे लागतात, वंगणही वेगळं लागतं.

यंत्रमाग | रात्री १०:२०
कॉम्प्रेसरचं मी सांगतो, तीच लाइन आहे. गॅरेज आणि पेंटिंगचा कॉम्प्रेसर ७ ते १२ बार. प्लास्टिकच्या बाटल्या फुगवणारा ४० बार. तुम्हाला पाहिजे २०० बार, म्हणजे तीन-चार टप्प्यांचा हाय प्रेशर ब्रीदिंग एअर कॉम्प्रेसर. तसला अग्निशमन दलाकडं किंवा मोठ्या केमिकल कारखान्यातल्या सुरक्षा विभागाकडं असतो, धुरात जाताना पाठीवर घेतात ते संच भरायला. जाऊन विनंती करा, माणसं चांगली असतात.

खोलपाणी | रात्री १०:३८
तिथेही अडचण आहे. ते संच बहुतेक ६.८ लिटरच्या कार्बन फायबरच्या, ३०० बारच्या टाक्यांचे असतात. भरणाऱ्यानं सवयीनं ३०० ला लावलं तर २०७ ची टाकी दीडपट दाबाखाली जाते. आणि हवा कशी आहे तेही विचारायला पाहिजे. श्वसनाच्या हवेचं युरोपीय मानक १२०२१ असं सांगतं: कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएमपेक्षा जास्त नको, तेल घनमीटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आत, वास नको. इंजिनवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा ओढायची बाजू धुराच्या दिशेला असली की टाकीत मोनॉक्साइड जातो. जमिनीवर १० पीपीएमनं फार काही जाणवत नाही, पण २० मीटरवर दाब तिप्पट असतो, तिथे त्याचा परिणाम ३० सारखा होतो.

यंत्रमाग | रात्री १०:४५
फिल्टर वेळेवर बदललेला असला की काही होत नाही. उगाच घाबरवू नका.

खोलपाणी | रात्री १०:५१
फिल्टरच्या कोळशात मोनॉक्साइड अडकत नाही, त्याला हॉपकॅलाइटचा वेगळा थर लागतो. अग्निशमनच्या कॉम्प्रेसरमध्ये तो असेलही. पण विचारल्याशिवाय नको.

होटगीरोड | १० जानेवारी, सकाळी ७:१५
पत्ता विचारला तर शाळा भरली. बरं, घ्या. शिक्के: थ्री-एएल ३०००, एस ८०, तारीख ०६ १९. व्हॉल्व्ह योक. ओपन वॉटर (पहिल्या पातळीचं) सर्टिफिकेट, एकूण ११ डाइव्ह, शेवटचं तीन वर्षांपूर्वी. टाकी आणि रेग्युलेटर एकाकडून सेकंडहँड घेतलं. टाकीत ४० बार आहे. जायचंय लक्षद्वीपला, अगत्तीला, एक दिवस बंगारम. तीन वर्षांचा खंड आहे म्हणून आधी तलावात सराव करायचाय, त्यासाठी टाकी. आता सांगा.

खोलपाणी | सकाळी ७:४०
आता बोलता येईल. थ्री-एएल हा अमेरिकी शिक्का. ०६ १९ ही जून २०१९ ची तारीख. त्यानंतर पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा दुसरा शिक्का नसेल तर पाच वर्षांची मुदत संपलेली आहे. दुसरं, आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे पेसोची (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संस्था) मान्यता नसलेलं सिलिंडर भरणं हेच नियमाबाहेर आहे. म्हणून लोक हातात घेऊन परत देतात. त्यांचं बरोबर आहे. २०१९ ची आहे म्हणजे निदान जुन्या ६३५१ मिश्रधातूची नाही, त्या टाक्यांच्या गळ्याला आतून चिरा जायच्या. पण ही टाकी सोलापुरात भरायचा नाद सोडा. आणि लक्षद्वीपला तर ती नेऊच नका. रेल्वेत गॅस सिलिंडर चालत नाही, विमानात भरलेली टाकी चालत नाही, रिकामी न्यायची तर व्हॉल्व्ह काढून. तिकडे टाकी आणि बुडायला लावायची वजनं डाइव्हच्या पैशातच येतात.

भीमातीर | सकाळी ८:०५
तलाव ३ मीटरचा. ऑक्सिजन असला तरी १.३ बारच होतंय. मग काय बिघडलं?

खोलपाणी | सकाळी ८:१७
आगीचा धोका तसाच राहतो. आणि उरलेल्याचं काय? समजा ६० बार शुद्ध ऑक्सिजन राहिला आणि पुढे कोणी वर साधी हवा भरून २०० केले. मिश्रण होतं जवळजवळ ४५ टक्के ऑक्सिजनचं. १.४ बारच्या हिशोबानं ते २१ मीटरच्या खाली न्यायचं नाही, आणि टाकीवर तसं कुठेही लिहिलेलं नसेल. दुसऱ्याच्या हातात ती टाकी गेली तर त्याला कळणार कसं?

निळाई | सकाळी ९:३०
सरावासाठी टाकी लागतच नाही. मास्क, स्नॉर्केल (श्वासाची नळी), फिन्स (पायातले पंख) घेऊन महापालिकेच्या तलावात जा, कंबरभर पाण्यात. पहिलं काम: मास्क काढून हातात धरा, चेहरा पाण्यात, स्नॉर्केलमधून पूर्ण पाच मिनिटं श्वास घ्या. खंडानंतर घोटाळा नेमका इथे होतो, नाकात पाणी गेलं की माणूस वर पळतो. ते जमलं की मास्कमध्ये पाणी भरून घ्या, वरची कड कपाळावर दाबा, नजर वर, नाकानं सावकाश उच्छ्वास. वीस वेळा. मग फिन्स, गुडघा न वाकवता मांडीतून, २०० मीटर न थांबता. श्वास रोखून खाली जायचे प्रकार एकट्यानं करू नका, आणि आधी भराभर श्वास घेऊन तर अजिबात नको, पाण्यातच शुद्ध हरपते.

बाकीचं, म्हणजे रेग्युलेटर शोधणं, जोडीदाराची हवा घेणं, तरंगत स्थिर राहणं, हे अगत्तीला पहिल्या दिवशी रिफ्रेशर म्हणून करा. लगूनमध्ये (बेट आणि रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या कठड्याच्या, मधल्या पाण्यात) २-३ मीटर पाणी असतं, तलावापेक्षा चांगली जागा. आत्ताच कळवून ठेवा, म्हणजे पहिल्या दिवशी तुम्हाला थेट रीफबाहेर नेणार नाहीत. बाहेर तळ झपकन खाली जातो, खोलीवर लक्ष नसलं की तुमच्या सर्टिफिकेटची १८ मीटरची मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही.

उजनीकाठ | सकाळी १०:१२
तलावापेक्षा उजनी का नाही? उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, पाणी असताना ते खालून बघता येईल. सोलापुरात एक डाइव्हिंग क्लब निघायलाच पाहिजे.

निळाई | सकाळी १०:२५
उजनीत नको. पाणी गढूळ, पसरलेला हात दिसत नाही, आणि मासेमारीची जाळी सगळीकडे. नायलॉनचं जाळं टाकीच्या व्हॉल्व्हला मागून अडकलं की स्वतःचं स्वतःला सुटत नाही. तिथे उतरायचं तर जोडीदार, दोरी आणि कापायची कात्री लागते, शिकाऊ माणसाचं ते काम नाही.

चेन्नईमेल | सकाळी ११:०५
मुळात लक्षद्वीप कशाला? अंदमान करा. सोलापूरहून चेन्नईला थेट गाडी, तिथून दोन-सव्वादोन तासांचं विमान. स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, भारतीयांना परवाना लागत नाही. डाइव्ह सेंटर भरपूर. नेमो रीफ उथळ, नवख्याला योग्य, पुढं डिक्सन्स पिनॅकलला मोठे कळप. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, तो काढलाय का? कागदपत्रांना वेळ जातो.

निळाई | सकाळी ११:२०
बारा दिवसांवर आलेली सहल बदला म्हणून काय उपयोग? आणि दोन्हींची तुलनाच होत नाही. अंदमान म्हणजे बुडालेल्या डोंगररांगेचे माथे, लक्षद्वीप म्हणजे प्रवाळाची कंकणं. एकीकडे खडक आणि जंगलातून येणारा गाळ, दुसरीकडे नदी नाही, ओढा नाही, त्यामुळे पाणी आरशासारखं. मात्र १९९८, २०१० आणि २०१६ ला तापलेल्या पाण्यानं तिथलं प्रवाळ पांढरं पडून खूप मेलं, उथळ भागात ते दिसेल. जे जिवंत आहे त्याला फिन लागू देऊ नका.

चष्मेवाला | दुपारी १२:४०
मास्कला नंबरची काच बसवून घ्या. पाण्यात वस्तू एक तृतीयांश मोठी आणि पाव अंतरानं जवळ दिसते, म्हणून उणे नंबर अर्ध्या अंकानं (०.५) कमी घेतला तरी चालतो. नवीन मास्कला आतून टूथपेस्ट चोळा, कारखान्यातला सिलिकॉनचा थर गेल्याशिवाय धुकं जात नाही.

होटगीरोड | दुपारी १:०५
मला चष्मा नाही. परवाना झालाय. टाकीचं समजलं, सोडलं. पण रेग्युलेटर नेणार आहे, दुसऱ्याचं तोंडात घालायचं नाही. काल ४० बारवर लावून बघितलं तर सूंऽऽ आवाज येतोय. कुठला ओ-रिंग बदलू?

खोलपाणी | दुपारी १:३०
आवाज कुठून येतो ते आधी ठरवा. टाकी आणि रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्याच्या (टाकीला लागतो तो भाग) मधून येत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडावरची ओ-रिंग, पाच मिनिटांचं काम. तोंडात धरायच्या दुसऱ्या टप्प्यातून येत असेल तर दोन शक्यता. व्हॉल्व्ह उघडताच सुरू होतो आणि एकसारखा राहतो, तर दुसऱ्या टप्प्याची सीट किंवा लिव्हर. आधी व्हेंचुरीची (हवेचा ओघ कमी-जास्त करायची) कळ उणेवर करा, माउथपीस जमिनीकडे वळवा, थांबला तर फार काळजी नाही. पण उघडल्यावर शांत, आणि मिनिटभरानं हळूहळू सुरू, तर पहिल्या टप्प्याची हाय प्रेशर सीट झिजली आहे. दोन टप्प्यांमधला दाब ९-१० बारवर थांबायला हवा, तो वर चढत राहतो आणि दुसरा टप्पा तो सोडून देतो.

होटगीरोड | दुपारी १:५२
शांत, मग मिनिटभरानं सुरू.

खोलपाणी | दुपारी १:५८
मग घरी उघडू नका. सर्व्हिस किट लागतं, दाब मोजायचा गेज लागतो. पुणे-मुंबईच्या तंत्रज्ञाकडे पाठवलं तर २२ च्या आत परत येईलच असं धरून चालू नका. या खेपेला फक्त तुमचं माउथपीस न्या आणि तिथल्या रेग्युलेटरला लावून घ्या, एका झिपटायचं काम. दुसऱ्याचं तोंडात घालायचा प्रश्न तिथेच मिटतो.

निळाई | दुपारी २:१५
परतीचं कसं आहे? हे कोणी विचारलंच नाही.

होटगीरोड | दुपारी २:३३
२७ ला दुपारी शेवटचं डाइव्ह, चार वाजेपर्यंत बाहेर. २८ ला सकाळी साडेनऊचं अगत्ती-कोची विमान.

निळाई | दुपारी २:४१
म्हणजे साडेसतरा तास. सलग अनेक दिवस किंवा दिवसाला एकाहून जास्त डाइव्ह असतील तर विमानाआधी किमान १८ तास थांबायचं असतं. एकच डाइव्ह असेल तर १२. तुमचं पहिल्या प्रकारात बसतं.

चेन्नईमेल | दुपारी २:५०
अर्ध्या तासानं काय होतंय? छोटं विमान आहे, फार उंच जात नाही.

निळाई | दुपारी ३:०४
केबिनमधला दाब २,४०० मीटर उंचीएवढा कमी होऊ शकतो, विमान लहान असो की मोठं. अंगात उरलेला नायट्रोजन त्या कमी दाबात बुडबुडे धरतो. आणि १८ ही कमीत कमी सांगितलेली वेळ आहे, त्याच्या आत काही होणार नाही अशी हमी नाही. अगत्तीहून दाब देऊन उपचार करायच्या चेंबरपर्यंत पोचायचं तर समुद्र ओलांडायचा, तोही बहुधा हवेतूनच.

होटगीरोड, २७ चं दुपारचं डाइव्ह काढून टाका. सकाळचं एकच करा, ११ वाजता बाहेर, साडेबावीस तास मिळतात. दुपारी लगूनमध्ये स्नॉर्केल करा, फक्त खोल डुबक्या नकोत. किंवा परत जहाजानं या, कोचीपर्यंत १४ ते १८ तास, उंचीचा प्रश्नच नाही. पुढे एर्नाकुलमहून पुण्याकडं येणारी जयंती जनता थेट सोलापूरला सोडते.

होटगीरोड | दुपारी ३:२०
जहाजाचं तिकीट आता मिळणार नाही. सकाळचं एकच करतो, तसं कळवतो. वजन किती लावू? मागं ६ किलो होतं, ५ मिलिमीटरचा सूट होता. मी ७८ किलो.

खोलपाणी | दुपारी ३:४५
सूट ३ मिलिमीटरचा मिळाला तर ६ जास्त होतील. ४ नं सुरू करा आणि पाण्यात तपासा: तरंगायला हवा भरतात ते जॅकेट पूर्ण रिकामं, नेहमीचा श्वास भरून धरलेला, पाणी डोळ्यांच्या रेषेला. श्वास सोडला की सावकाश बुडायला हवं. भरलेल्या टाकीवर तपासलं तर वर २ किलो घाला, कारण २०० चे ५० बार होईपर्यंत एस ८० टाकी साधारण २ किलोनं हलकी होते आणि शेवटी ५ मीटरवरच्या तीन मिनिटांच्या थांब्यात तुम्हाला वर ओढते. तलावातला आकडा समुद्रात चालत नाही, खाऱ्या पाण्यात तुमच्या आणि सामानाच्या मिळून वजनाच्या अडीच टक्के जास्त लागतं.

भीमातीर | संध्याकाळी ६:१०
ऑक्सिजनचं वरचं मागे घेतो. होटगीरोड, त्या टाकीतल्या ४० बारचं काय करणार?

खोलपाणी | संध्याकाळी ६:३०
ती हवा कुठे भरली माहीत नाही, त्यामुळे तोंडाला लावू नका. उघड्या जागी टाकी धरून व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडा, अर्धा तास लागू द्या, झटक्यात सोडली तर टाकी गार पडून आत दव धरतो. २-३ बार राहू द्या आणि बंद करा, म्हणजे ओल आत जात नाही. कोपऱ्यात बांधून ठेवा, गच्चीवर उन्हात नको.