सातवीच्या मुलांना सनावळी पाठ, पण क्रम कळत नाही

खडूवाली बाई: परवा एका पोराने विचारलं, "बाई, महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाला रेल्वेने का नाही गेले?" वर्ग हसला. पण हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनाही कारण सांगता येईना! 1674, 1761, 1818 घडाघडा म्हणतात, मधे किती वर्षं गेली विचारलं की चिडीचूप. काय करता तुम्ही?

निवृत्त मास्तर: चार मीटर सुतळी घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. एका टोकाला शिवजन्म 1630, दुसऱ्या टोकाला आज. कपड्यांच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या लावा. पन्हाळ्याचा वेढा 1660, बोरीबंदर-ठाणे गाडी 1853. मधे 193 सेंटिमीटर, पोराला हात ताणूनही दोन्ही टोकं गाठता येत नाहीत. आधी मात्र प्रत्येकाला स्वतःच्या आणि आजीच्या जन्माचा चिमटा लावू द्या, नाहीतर सुतळी परकीच राहते.

गणितवाला: खरी गंमत इ.स.पूर्वमध्ये. सिकंदर जन्मला 356 ला, मेला 323 ला. मुलं म्हणतात, सर, उलटं छापलंय! मी सरळ गणितातली संख्यारेषा काढतो. फक्त शून्य खोडतो, कारण इ.स.पूर्व 1 नंतर थेट इ.स. 1.

खडूवाली बाई: मास्तर, आज सुतळी बांधली. रेल्वेवाला पोरगा बराच वेळ आजीच्या चिमट्यापाशी उभा. मग म्हणाला, "बाई, आजी तर एकदम इकडेच आलीय की!"